धारप वाचून झाले, आता पुढं काय? नवीन हॉरर, फॅन्टसी, सायन्स फिक्शन कादंबऱ्या वाचायला सुरुवात कशी करायची

२०२६ च्या जानेवारीत साताऱ्यात ९९ वं साहित्य संमेलन झालं तेव्हा पुस्तकांच्या स्टॉलवर माझ्या शेजारी एक कॉलेजचा मुलगा उभा होता. "भुताचं, अंतराळाचं, असलं काहीतरी नवीन द्या" म्हणत होता. त्याला नारायण धारप दिले, म्हणाला वाचलेत. रत्नाकर मतकरी दिले, वाचलेत. जयंत नारळीकर, तेही वाचलेत. मग स्टॉलवाल्यांनी त्याला एक जाडजूड इंग्रजी कादंबरी दाखवली, पोरानं पहिलं पान उघडलं, दोन मिनिटं वाचलं आणि ठेवून दिलं. "माझं इंग्लिश तेवढं चांगलं नाही" म्हणाला आणि गेला. मी पुस्तक उचलून बघितलं तर ते अशा कादंबऱ्यांपैकी होतं जिचं पहिलं पान लंडनमधल्या माणसालाही कळत नाही.

हा लेख त्या पोरासाठी आहे. गेली पंधराएक वर्षं मी हे सगळं साताऱ्यात बसून वाचतोय, मराठी मीडियमचा आहे, आणि एक गोष्ट मला खात्रीनं सांगायचीय. या कादंबऱ्यांमध्ये सुरुवातीची चाळीस-पन्नास पानं काही कळत नाही ते तुमचं इंग्रजी कच्चं असल्यामुळं नाही. लेखकानं मुद्दाम काही सांगितलेलं नसतं. तो तुम्हाला एका नवीन जगात मधोमध सोडून देतो, तिथल्या माणसांना जे माहीत आहे ते तुम्हाला हळूहळू समजावं अशी त्याची इच्छा असते. आपण मात्र डिक्शनरी उघडतो, शब्द सापडत नाही (कारण तो लेखकानं बनवलेला असतो), आणि पुस्तक बंद करतो.

पहिली पायरी: मराठीत काय आवडलं होतं ते आठवा

यादी बघून पुस्तक घेऊ नका. "टॉप टेन" मधलं पहिलं पुस्तक उचलणारा माणूस बहुतेकदा तिथंच अडकतो. त्यापेक्षा स्वतःला विचारा की शाळेत असताना कुठली गोष्ट वाचून रात्री संडासला जायला भीती वाटली होती.

धारपांचं 'लुचाई' आवडलं असेल, म्हणजे एक अख्खं गाव हळूहळू कशाच्या तरी ताब्यात जातंय आणि कुणाचा विश्वास बसत नाहीये, तर तुम्ही अमेरिकेतल्या स्टीफन किंग या भयकथा लिहिणाऱ्याला आधीच भेटलाय, कारण 'लुचाई' त्याच्या 'सेलम्स लॉट' वरूनच बेतलेली आहे. तुमची वाट हॉररची. मतकरींच्या गूढकथा आवडल्या असतील, जिथं भूत दिसत नाही पण घरातल्या माणसाचंच काहीतरी बिनसलेलं असतं, तर तुम्हाला थोडं वेगळं, घराभोवती फिरणारं हॉरर लागेल. नारळीकरांचं 'यक्षांची देणगी' किंवा 'वामन परत न आला' आवडलं असेल तर सरळ सायन्स फिक्शन. (नारळीकरांनी पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावानं पाठवली होती, स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून नारायण विनायक जगताप हे नाव घेतलं, आणि पहिलं बक्षीस मिळालं. मला ही गोष्ट फार आवडते.) आणि आजीच्या तोंडच्या राक्षसाच्या, उडत्या घोड्याच्या गोष्टी आवडत असतील तर फॅन्टसी.

मराठीत अजून नवीन काही हवं असेल तर हृषीकेश गुप्ते आधी वाचा. 'दंशकाल' मोठी आहे आणि ती निव्वळ भयकथा नाही, एका घराची आणि गावाची कथा आहे, पण वाचताना अंगावर काटा येतो. 'हाकामारी' बारीक आहे, एका बैठकीत होते.

दुसरी पायरी: बारीक पुस्तकापासून सुरुवात

इथं हट्ट करू नका. पहिलं इंग्रजी पुस्तक अडीचशे पानांच्या आतलं घ्या. माझी पसंती सुझॅना क्लार्कच्या 'पिरानेसी' ला. २०२० ची कादंबरी, २०२१ चा विमेन्स प्राइझ मिळालेली. एक माणूस एका प्रचंड घरात राहतोय, दालनांमागून दालनं, सगळीकडं संगमरवरी पुतळे, खालच्या मजल्यावर समुद्र आणि त्याला भरती-ओहोटी. त्याला वाटतंय जग म्हणजे एवढंच. तो डायरी लिहितो आणि त्याची कालगणना अशी की नैऋत्येच्या दालनांत अल्बट्रॉस पक्षी आला ते वर्ष. पहिल्यांदा वाचताना मला हे विचित्र वाटलं, आणि मग एकदम आठवलं की आमच्या आत्याकडं पण असंच मोजतात. "भूकंपाच्या आदल्या साली तुझा बाप शाळेत गेला." "पुराच्या वर्षी लग्न झालं." आकडा कुणी सांगतच नाही. हे लक्षात आल्यावर तो माणूस मला परका वाटेनासा झाला, आणि पुढची दीडशे पानं मी स्वारगेटच्या एसटीत खंबाटकी कधी गेला हे न कळता वाचली. भाषा सोपी आहे, वाक्यं स्वच्छ आहेत. कोडं मात्र जबरदस्त आहे, त्यामुळं मागचं कव्हरसुद्धा नीट वाचू नका.

सायन्स फिक्शनवाल्यांनी मार्था वेल्सचं 'ऑल सिस्टिम्स रेड' घ्यावं. दीडशेच्या आसपास पानं, ह्युगो आणि नेब्युला ही सायन्स फिक्शन-फॅन्टसीतली दोन्ही मोठी बक्षिसं मिळालेलं. एक सिक्युरिटी रोबो आहे, त्यानं स्वतःवरचा कंट्रोल हॅक करून काढून टाकलाय, म्हणजे तो आता मोकळा आहे, आणि या मोकळेपणाचं तो काय करतो तर गुपचूप मालिका बघत बसतो. माणसांशी बोलायला त्याला नको वाटतं, पण त्यांचा जीव वाचवल्याशिवाय राहवत नाही. माझा बारावीतला मावसभाऊ दोन दिवसांत वाचून मोकळा झाला.

'ऑर्बिटल' हे सामंथा हार्वीचं पुस्तकही बारीक आहे, १३६ पानं, २०२४ चं बुकर. अंतराळ स्थानकावरची सहा माणसं, एक दिवस, आणि त्या एका दिवसात पृथ्वीच्या १६ फेऱ्या म्हणजे १६ सूर्योदय. पण हे पहिलं पुस्तक म्हणून घेऊ नका. यात घडत काहीच नाही, नुसतं बघायचं असतं, आणि गोष्टीची भूक असलेला वाचक इथं कंटाळतो. चौथं-पाचवं घ्या.

तिसरी पायरी: पन्नास पानांचा चकवा

आपल्याकडं जुनी माणसं चकव्याबद्दल सांगतात. रात्री माळावरून जाताना चकवा लागला की माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो. आमचे आजोबा म्हणायचे, चकवा लागला की पळायचं नाही, तिथंच बसायचं, पान-तंबाखू खायची, आणि उजाडायची वाट बघायची, उजाडलं की कळतं आपण आपल्याच बांधावर होतो. जाड फॅन्टसी वाचताना मी नेमकं हेच करतो. कळत नाहीये म्हणून मागं पळायचं नाही, नेटवर शोधायला तर अजिबात जायचं नाही, कारण तिथं दुसऱ्याच ओळीत कोण मरतं ते सांगितलेलं असतं.

एक छोटी वही घ्या, पाठ्यपुस्तकाच्या निम्म्या आकाराची. पहिल्या पानावर नावं लिहायची, प्रत्येक नावापुढं तीन-चार शब्द, "आई, रागीट, हात तुटलेला" असं. दुसऱ्या पानावर लेखकानं बनवलेले शब्द लिहायचे, अर्थाची जागा कोरी ठेवायची, आणि वाचता वाचता अर्थ लागला की पेन्सिलीनं भरायचा. कोरी जागा बघून घाबरू नका, कोरं राहिलं तरी चालतं. नेहमीचे इंग्रजी शब्द अडले तर पानाला जास्तीत जास्त दोन बघा, बाकीचे अंदाजानं घ्या. पन्नास पानं झाली की पहिलं प्रकरण परत वाचा. ही शेवटची गोष्ट बहुतेक जण करत नाहीत आणि खरी मजा तिथंच आहे, आधी जे धुकं होतं त्यात आता घरं, माणसं, रस्ते दिसायला लागतात.

हे सगळं मी शिकलो ते एन. के. जेमिसिनच्या 'द फिफ्थ सीझन' वर. २०१५ ची कादंबरी, त्रयीतला पहिला भाग, आणि या तिन्ही भागांना २०१६, २०१७, २०१८ असा सलग तीन वर्षं ह्युगो मिळाला, तोपर्यंत असं कुणालाच जमलं नव्हतं. यातली एक कथा "तू" म्हणून सांगितलेली आहे, तू उठतेस, तू चालतेस, असं. जमीन सतत हादरणारं जग आहे, आणि त्यात काही माणसांना तो हादरा थांबवायची किंवा घडवायची ताकद जन्मतःच आहे. बाकीचे लोक त्यांना घाबरतात, बांधून ठेवतात, वापरून घेतात. शेवटी शब्दांचा कोश दिलाय, पण मी सांगतो तिकडं आधी जाऊ नका.

पहिल्यांदा मी हे ३० पानांवर सोडलं. मग एका सुट्टीत पाटणला आत्याकडं गेलो होतो, पुस्तक सोबत होतं, आणि तिनं विचारलं काय आहे रे यात. मी म्हटलं भूकंपाची गोष्ट आहे. ती गप्प झाली. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. म्हणाली, आधी आवाज आला, जमिनीच्या पोटातून, मग फडताळातली पितळेची भांडी एकामागून एक खाली आली, आणि आईनं तिला केसाला धरून बाहेर ओढलं कारण हात सापडेना अंधारात. पुढं कितीतरी दिवस सगळी बाहेर खोपटात झोपायची, घरात जायला कुणी तयार नव्हतं, आणि अजून तिला मोठी गाडी रस्त्यानं गेली की ती आधी भांड्यांकडं बघते. त्या रात्री मी पुस्तक परत उघडलं. त्यातली माणसं प्रत्येक घरात पळायची पिशवी भरून ठेवतात, जमिनीवर कधीच भरवसा ठेवत नाहीत, हे पहिल्यांदा वाचताना मला नियमावलीसारखं वाटलं होतं, आता ती सगळी आत्यासारखी माणसं दिसायला लागली. सातारा जिल्ह्यातल्या माणसाला हे पुस्तक अमेरिकेतल्या वाचकापेक्षा जवळचं वाटेल असं मला मनापासून वाटतं.

चौथी पायरी: जाड पुस्तकं, पण आपल्या दारानं आत शिरायचं

प्रत्येक जाड पुस्तकात आपल्या ओळखीचं एक दार असतं, ते शोधा.

अँडी विअरचं 'प्रोजेक्ट हेल मेरी' (२०२१) अकरावी-बारावी सायन्सच्या पोरांनी आधी घ्या. एक माणूस एका यानात जागा होतो, स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही. तो काय करतो, तर वस्तू खाली टाकतो, वेळ मोजतो, आणि गुरुत्वाकर्षण काढतो. उत्तर येतं १५, पृथ्वीवर तर ९.८ पाहिजे. इथं पुस्तक बाजूला ठेवा आणि स्वतः करून बघा, टेबलाची उंची मोजा, खोडरबर खाली टाकून मोबाईलच्या स्टॉपवॉचवर वेळ घ्या, एकदा नाही दहा वेळा, आणि सरासरी काढा. उत्तर अगदी बरोबर येणार नाही कारण आपलं बोट उशिरा दाबतं, पण तो माणूस एवढ्याशा गोष्टीवरून "मी पृथ्वीवर नाही" इथपर्यंत कसा पोचला हे हाताला कळतं.

एड्रियन चायकोव्हस्कीचं 'चिल्ड्रन ऑफ टाइम' (२०१५) मध्ये माणसांच्या जोडीला कोळी आहेत, हो, भिंतीवरचे कोळी, उड्या मारणाऱ्या जातीचे, आणि हजारो वर्षांत त्यांची संस्कृती कशी उभी राहते ते दाखवलंय. हे वाचून झाल्यावर दिवाळीच्या साफसफाईला मी कोपऱ्यातल्या जाळ्यासमोर झाडू घेऊन बराच वेळ उभा होतो. शेवटी कागदावर घेऊन त्याला बाहेर जास्वंदीवर सोडला.

लिऊ त्सिशिनचं 'द थ्री बॉडी प्रॉब्लेम' मूळ चिनी, इंग्रजीत २०१४ ला आलं, २०१५ चा ह्युगो. लोक अडकतात ते चिनी नावांवर. त्याला सोपी युक्ती आहे, चिनी नावात आडनाव आधी येतं, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं. ये वेनजिए म्हणजे आडनाव ये. वहीत हजेरीपट करा, दोन दिवसांत नावं बसतात. सुरुवातीला चीनमधल्या, माओच्या काळातल्या सांस्कृतिक क्रांतीतला जो प्रसंग आहे तो घाईनं वाचू नका, पुढचं सगळं त्यातून निघतं.

आणि साताऱ्याच्या माणसानं आर. एफ. कुआंगचं 'बेबेल' (२०२२) वाचलंच पाहिजे. १८३० च्या दशकातलं ऑक्सफर्ड, चीनमधल्या कँटनहून आणलेला एक पोरका मुलगा, आणि जादू चालते ती भाषांतरावर. चांदीच्या कांबीवर दोन भाषांतले दोन शब्द कोरायचे, आणि एका भाषेतून दुसरीकडं जाताना जो अर्थ सांडतो त्याची शक्ती होते. आपल्याला हे समजवावं लागत नाही. "उष्टं" या शब्दाला इंग्रजीत काय म्हणाल? अर्धवट खाल्लेलं म्हटलं तर त्यातलं शिवू नये ते गेलं, आणि आई लेकराचं उष्टं खाते त्यातली मायाही गेली. तेवढं सांडलेलंच कांबीत काम करतं. ही सगळी जादू इंग्रजांचं साम्राज्य चालवायला वापरली जाते आणि गोष्ट अफूच्या युद्धाच्या उंबरठ्यापर्यंत जाते. आता तारखा बघा. १८३९ मध्येच ईस्ट इंडिया कंपनीनं आपल्या साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं आणि त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले, चौदा वर्षं तिथं अर्ज-विनंत्या करत राहिले. 'बेबेल' वाचताना माझ्या डोळ्यासमोर सारखे तेच येत होते, त्याच काळातल्या लंडनच्या थंडीत पगडी घालून चालणारे. पुस्तक साडेपाचशे पानांच्या आसपास आहे, तळटीपा भरपूर. त्या वाचा, काही तळटीपा प्रकरणापेक्षा चांगल्या आहेत.

हॉररवाल्यांसाठी

हॉरर पावसाळ्यात वाचा, हा माझा आग्रह आहे. सिल्व्हिया मोरेनो-गार्सियाचं 'मेक्सिकन गॉथिक' (२०२०) मी जुलैमध्ये महाबळेश्वरला नातेवाइकांच्या जुन्या घरात वाचलं. १९५० चं मेक्सिको, डोंगरावरचा धुक्यातला वाडा, लग्न करून गेलेल्या चुलत बहिणीचं विचित्र पत्र, आणि तिला बघायला निघालेली एक हुशार, नटायची आवड असलेली मुलगी. त्या वाड्याच्या भिंतींकडं लक्ष ठेवा. माझ्या उशाजवळच्या भिंतीला ओल आली होती, पोपडे सुटलेले, आणि कपाटातल्या कपड्यांना तो कुबट वास. शंभराव्या पानानंतर मी पलंग भिंतीपासून हातभर लांब ओढून घेतला.

स्टीफन ग्रॅहम जोन्सचं 'द ओन्ली गुड इंडियन्स' (२०२०) जास्त कडक आहे, रक्तपात आहे. लेखक स्वतः अमेरिकेतल्या ब्लॅकफीट या मूळनिवासी समाजाचा. चार मित्रांनी दहा वर्षांपूर्वी जिथं करायला नको तिथं शिकार केलेली असते, सांबरासारख्या एल्क नावाच्या जनावराची, आणि ते कर्म आता वसुलीला येतं. केलेलं फेडावं लागतं हे आपल्याला लहानपणापासून ऐकून माहीत असतं, म्हणून ही भीती थेट पोचते. मोठे मोठे राक्षस लागत नाहीत.

भीतीपेक्षा मेल्यानंतरचं काय यात रस असेल तर शेहान करुणातिलकाचं 'द सेव्हन मून्स ऑफ माली अल्मेडा', २०२२ चं बुकर. श्रीलंकेतला एक फोटोग्राफर मेलाय, त्याच्याकडं सात रात्री आहेत, तेवढ्यात त्याला आपल्या माणसांना लपवलेल्या फोटोंपर्यंत न्यायचंय. ज्यानं घाटावर दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवायची वाट बघत तासभर काढलाय, "काय राहिलंय रे मनात" असं कुणीतरी हळू आवाजात विचारताना ऐकलंय, त्याला हे पुस्तक वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

पुस्तकं आणायची कुठून

मराठीतलं पाहिजे असेल तर भिलारला जा. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावर, ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे, घराघरात विषयानुसार पुस्तकं ठेवलेली आहेत, बसून फुकट वाचता येतात, आणि स्ट्रॉबेरीच्या सीझनमध्ये गेलात तर दिवस कसा जातो कळत नाही. नवीन इंग्रजी कादंबऱ्यांसाठी मात्र ऑनलाइन किंवा पुण्याला अप्पा बळवंत चौक.

विकत घ्यायच्या आधी किंडल ॲपवर सॅम्पल फुकट उतरवा, मोबाईलवर चालतं. सॅम्पल म्हणजे पुस्तकाची सुरुवातच, म्हणजे तुमच्या चकव्याची बरीचशी पानं फुकटात होतात. शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ येतो. रस्त्यावरची स्वस्त कॉपी घेऊ नका. मी एकदा दीडशे रुपयात घेतली होती, १९२ नंतर परत १६१ सुरू झालं, १६१ ते १९२ दोनदा आणि १९३ ते २२४ गायब, एक अख्खा फर्माच, म्हणजे एकत्र शिवायचा पानांचा गठ्ठा, चुकीचा शिवलेला. कादंबरीचा उलगडा नेमका त्या ३२ पानांत होता. आणि लेखकाला त्यातला एक रुपया मिळत नाही ते वेगळंच.

सोडायचं कधी

शंभर पानं झाली, पहिलं प्रकरण दुसऱ्यांदा वाचलं, तरी एकाही माणसाचं काय होईल याची काळजी वाटत नसेल तर सोडा. कळत नाही म्हणून सोडू नका, काळजी वाटत नाही म्हणून सोडा. वज्र चंद्रशेखराचं 'द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स' (२०२३, नेब्युला) मी असंच सोडलं होतं. सुरुवात एवढी भारी आहे, मूल जन्मल्याबरोबर आई पितळी खिळा ठोकून त्याची सावली जमिनीला खिळवते आणि फाडून वेगळी करते, पण पुढं शहरात गेल्यावर माझा धागा सुटला. आठ महिन्यांनी कपाट आवरताना वही सापडली, त्यात लिहिलं होतं, "फेटर, सावली नाही, बापाला मारायला वाढवलाय", आणि खाली बनवलेल्या शब्दांपुढच्या अकरा कोऱ्या जागा. तिथंच खाली बसून पुस्तक परत काढलं, आठवड्यात संपलं, अकरापैकी नऊ जागा भरल्या. म्हणून अर्धवट सोडलेल्या पुस्तकाची वही फाडू नका, ती पुस्तकातच घालून ठेवा.